त्रेचाळीस ठिगळांखालचा माणूस

या मित्रांनो, असे जवळ सरका. मागे बसलात तर ऐकू येणार नाही, कारण माझा आवाज लहान आहे. गोष्ट मात्र मोठी आहे, आणि खरं सांगायचं तर अजून कुणीच ती पूर्ण सांगितलेली नाही. जे झालं ते खालून पाहणारी मी एकटीच होते.

मी एक जुनी दिव्याची पेटी आहे. पेटी म्हटलं की तुम्हाला वाजवायची पेटी आठवेल. मी ती नव्हे. तिच्यातून सूर निघतात, माझ्यातून उजेड निघतो. चार बाजूंनी लाकूड, वर तिरकी बसवलेली दुधी काच आणि पोटात दिवा, एवढाच माझा संसार. काचेवर कच्चं चित्र ठेवायचं, त्यावर कोरा चांगला कागद ठेवायचा आणि दिवा लावायचा. खालचं चित्र वरच्या कागदात उमटतं, मग ते शाईने गिरवायचं.

मला एका सुताराने बनवलं. माप घेताना तो म्हणाला, "वर काच, आत दिवा. यात काय मासे पाळणार की काय?"

"मासे नाही, माणसं पाळणार आहे," बनवून घेणारे म्हणाले.

ते होते भाऊ. साऱ्या गावाचे भाऊ! दर आठवड्याला एका साप्ताहिकात त्यांची चित्रकथा यायची. तिच्या नायकाचं नाव सावकाशराव. हा अग्निशामक दलाचा प्रमुख. पोट मोठं, मिशा त्याहून मोठ्या, आणि घाई म्हणून कशाची नाही. आग लागली की हा आधी बुटाच्या नाड्या बांधणार, मग त्या सारख्या झाल्या नाहीत म्हणून पुन्हा सोडणार. मुलं अंकाची वाट बघायची आणि मोठी माणसं मुलांच्या हातून तो हिसकावून घ्यायची.

भाऊंची बायको त्याच खोलीत दुसऱ्या मेजाशी बसायची. तेव्हा तिला सगळे वहिनी म्हणत, आता आजी म्हणतात. मी पहिल्यापासून आजीच म्हणते, म्हणजे तुमचा गोंधळ नको. पात्रांच्या तोंडातून बोलण्याचे फुगे निघतात ना, त्यांतली सगळी अक्षरं आजीची. भाऊंचं अक्षर असं की ते स्वतःच दुसऱ्या दिवशी विचारायचे, "अगं, हे मी काय लिहिलंय?"

आता चित्त इकडे द्या, कारण गोष्टीचं बी इथे पेरलंय. भाऊ चित्रं अशी काढायचे की नुसत्या मिशा बघून हसू यावं. पण त्यांचे शब्द? देवाने एकाच ताटात सगळं वाढलं नव्हतं. नमुन्यादाखल एक कधीच न छापलेली कथा घ्या. तिच्यात घर जळून खाक झालेलं आहे. सावकाशराव पोचतो. घरमालक ओरडतो, "इतका उशीर का?" भाऊंनी उत्तर लिहून दिलं, "वाटेत पाणी संपलं." आजीने ते इमानाने फुग्यात लिहिलं. मग कात्री घेतली, कागदाचा छोटा तुकडा कापला, त्यावर दुसरं उत्तर लिहिलं, तुकडा फुग्यावर नुसता ठेवला आणि चहा टाकायला आत निघून गेली.

तुकड्यावर होतं, "आग कुठे पळून जाणार होती?"

भाऊंनी वाचलं. आधी कपाळाला आठी घातली. मग मिशीतल्या मिशीत हसू फुटलं, ते इतकं वाढलं की माझी काच थरथरली. पण चहा घेऊन आजी आली तेव्हा चेहरा पुन्हा कोरा. म्हणाले, "चालेल."

एवढंच. 'चालेल.' प्रत्येक वेळी हेच. ती तुकडा ठेवून आत जायची, हे हसायचे, हे म्हणायचे, चालेल. छान, सुंदर, वाहवा असले शब्द जणू त्यांच्या दुकानात मिळतच नसत.

पण आजी आत गेल्यावर ते काय करायचे, ते ऐका. तुकडा डिंकाने चिकटवण्याआधी ते निळी पेन्सिल घ्यायचे आणि खालच्या फुग्याच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक माणूस काढायचे. टोपी हातात घेऊन कमरेत वाकलेला. वर ठिगळ चिकटलं की तो माणूस गडप. माझा दिवा चालू असेल तर ठिगळातून पुसटसा दिसायचा, म्हणून तिची पावलं वाजली की भाऊ पटकन दिवा मालवायचे. तिला वाटायचं, काटकसरी माणूस आहे.

निळीच पेन्सिल का? कारण छापखान्याच्या कॅमेऱ्याला फिकट निळा रंग दिसत नाही. चित्रकार कच्च्या रेघा निळ्याने मारतात, आणि निळ्या रेघा कधी गिरवायच्या नाहीत असा या कामाचा नियमच आहे. जे जगाला दिसू नये, ते निळ्याने.

असो. धागा सुटला, पुन्हा धरते.

साप्ताहिक बंद पडलं. छापलेल्या कथांची मूळ पानं छापखान्यातच राहिली आणि कुठे गेली कोण जाणे. तरी दोघांनी आणखी तीन कथा केल्या, कुणी मागितल्या नसताना. आजी विचारायची, "कुणासाठी?" भाऊ म्हणायचे, "सावकाशरावाला कुठे घाई आहे?" मग त्यांचा हात कापू लागला. मग एके दिवशी ते गेले. ती तीन कथांची पानं एका सुटकेसमध्ये गेली आणि मी माळ्यावर.

माळ्यावरची वर्षं मी थोडक्यात सांगते, कारण रडगाणं मला आवडत नाही. माझ्या पोटातला दिवा काढून न्हाणीघरात लावला. माझ्या काचेवर आधी जुनी पांघरुणं आली, मग फुटक्या कुंड्या. एक मांजर पूर्वी माझ्या गरम काचेवर येऊन झोपायचं, ते एकदा आलं, काच थंड लागली म्हणून शिंकलं आणि निघून गेलं. उजेड देणाऱ्याला अंधाराचं फार वाईट वाटतं, मित्रांनो. पण देव सावकाश का होईना, येतो. बहुधा तोही आधी नाड्या बांधत असावा.

एक दिवस घरी एक प्रकाशक आले. लहानपणी सावकाशराव वाचून वाढलेले. त्यांना त्या न छापलेल्या तीन कथांचा सुगावा लागला होता. सुटकेस उघडली तर अर्धी पानं ओलीने डागाळलेली, शाई तपकिरी झालेली, काही कोपरे किड्यांनी खाल्लेले. तशी छापता येणार नव्हती, सगळी नव्याने काढायला हवी होती. आजी पानं घराबाहेर द्यायला तयार नाही. मग त्यांनी एका चित्रकार बाईंना इथेच धाडलं. त्या डोळ्यांवर एक आणि डोक्यावर एक असे दोन चष्मे लावून वावरायच्या, म्हणून आजीने त्यांचं नाव ठेवलं चष्मेवाली.

चष्मेवालीने मला माळ्यावरून उतरवलं, पुसलं, पोटात नव्या तऱ्हेची पांढरी दिव्यांची पट्टी बसवली. कळ दाबली आणि मी पुन्हा उजळले! त्या क्षणाचं वर्णन मी करणार नाही. तुम्हीच डोळे मिटा आणि उघडा.

पहिल्याच दिवशी प्रकाशकांनी आजीला विचारलं होतं, "आजी, भाऊंच्या या कामात तुम्ही काय करायचात?"

आजीची नजर तेव्हा पार अधू झाली होती. ती हसून म्हणाली, "मी? शाई वाळेपर्यंत फुंकर घालायची."

सगळे हसले. आणि झालं. पुन्हा कुणी विचारलं नाही.

चष्मेवाली सात महिने खपली. रेघेत रेघ मिळवायची म्हणून एकेक मिशी पाच-पाच वेळा काढली. मोठी भक्तीची बाई! पण भक्तीतही चूक होते. पानांवरची ठिगळं पिवळी पडली होती, निम्मी सुटत आली होती. तिने विचार केला: खालचं अक्षर आणि वरचं अक्षर एकाच हाताचं आहे, म्हणजे दोन्ही भाऊंचंच. मग माणूस स्वतःचे शब्द झाकेल कशाला? कुठे दाखवायला नेले असतील तेव्हा एखाद्या संपादकाने दटावून बदलून घेतले असणार. तेव्हा मूळ ते खरं! तिने वाफ देऊन एकेक ठिगळ अलगद सोडवलं, मोजून पाकिटात ठेवलं आणि खालचे शब्द नव्या पानांवर घेतले. कोपऱ्यातले निळे ठिपके तिला दिसले. पण निळं गिरवायचं नसतं ना? तिने ते सोडून दिले.

मी खालून सगळं बघत होते. ओरडावंसं वाटत होतं. पण मला तोंड नाही, नुसता उजेड आहे. माझ्या डोळ्यांदेखत आजी त्या पुस्तकातून पुसली जात होती, तीही तिच्यावर माया करणाऱ्या हातांनी.

पानं छापायला जायच्या आदल्या दिवशी सकाळी प्रकाशक आले. आजीला दिसत नाही, म्हणून सगळं वाचून दाखवायचं ठरलं. चष्मेवाली वाचू लागली. घर जळालं. घरमालक ओरडला, "इतका उशीर का?"

"वाटेत पाणी संपलं," चष्मेवालीने वाचलं.

प्रकाशक हसले, पण ते परक्याच्या घरी हसावं तसं. आजी हसली नाही.

"सावकाशराव असं बोलत नाही गं," ती हळूच म्हणाली.

"आजी, मूळ असंच आहे. वर कुणीतरी ठिगळं मारली होती, ती मी काढली."

"काढलीस?" आजीने विचारलं. "टाकून दिलीस?"

"छे, पाकिटात आहेत."

"बरं. असू दे." तिने पदर सारखा केला. "तुम्ही शिकलेली माणसं. मूळ तेच खरं असेल. वाच पुढे."

मित्रांनो, माझी काच तडकायची राहिली! बाई, एक शब्द बोल की! पण जिला चाळीस वर्षं 'चालेल' एवढंच ऐकायची सवय, तिला ते म्हणायचीही सवय झाली होती.

चष्मेवाली शेवटच्या कथेवर आली. झाडावर अडकलेलं मांजराचं पिल्लू उतरवायला सावकाशराव वर चढतो. इतका सावकाश, की पिल्लू कंटाळून स्वतःच खाली उतरतं आणि हा फांदीला मिठी मारून वरच. शेवटची चौकट. खाली जमलेली गर्दी, वर सावकाशराव.

चष्मेवालीने तोंड उघडलं, पण तिच्याआधी आजीच्या तोंडून बारीक, पिल्लाच्या आवाजात निघून गेलं, "आता याला उतरवायला कुणाला बोलवू?"

प्रकाशकांच्या कपातला चहा बशीत, बशीतला विजारीवर. हसता हसता ते खोकू लागले. चष्मेवाली मात्र हसली नाही. तिने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि डोक्यावरचा लावला.

"आजी, हे तर ठिगळावर आहे. मी कधी वाचून दाखवलं नाही. तुम्हाला कसं ठाऊक?"

आजी जरा ओशाळली. "मग कात्री कुणाची होती गं?"

चष्मेवाली उठली, जुनी पानं आणली, एकेक माझ्या काचेवर ठेवत गेली. मी होता नव्हता तेवढा उजेड दिला. ती वाकून, भिंग लावून बघू लागली, आणि या वेळी निळ्याकडे बघू लागली.

"आजी, इथे एक इवलासा माणूस आहे. प्रत्येक ठिगळाच्या जागी आहे. टोपी हातात घेतलीय आणि वाकलाय. त्रेचाळीस ठिगळं, त्रेचाळीस माणसं."

"नाक कसं आहे?" आजीने विचारलं.

"बटाट्यासारखं."

"मग हेच ते," आजी म्हणाली. भाऊ स्वतःला नेहमी बटाट्याच्या नाकाचे काढायचे.

चष्मेवालीने मोठा कागद घेतला, जाड कुंचल्याने तो माणूस वीतभर उंच काढला, कागद माझ्या काचेवर ठेवला आणि आजीला हाताला धरून आणलं. आजी इतकी वाकली की तिचा श्वास माझ्या काचेवर उमटला. तिचा सुरकुतलेला चेहरा माझ्या उजेडाने उजळला. खूप वेळ ती बघत राहिली. वाकलेल्या माणसासमोर वाकलेली.

"लबाड!" ती म्हणाली. "दिवा मालवायचे ते यासाठी होय!"

मग तिने पदराने डोळे पुसले, आणि लगेच माझी काचही पुसली.

चष्मेवाली म्हणाली, "सगळे फुगे बदलायचे. आणि संगणकातली अक्षरं नाही. आजी, तुम्ही मला तुमचं वळण शिकवायचं."

"अहो, पण छपाई उद्यावर आलीय! अजून महिनाभर उशीर?" प्रकाशक कळवळले.

आजी शांतपणे म्हणाली, "आग कुठे पळून जाणार आहे?"

प्रकाशक कान पकडून खाली बसले.

पुढचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड. आजी चष्मेवालीचं मनगट धरून बसायची. "वेलांटी ओढू नकोस, सोड. पाणी सोडतात तशी." चष्मेवाली लिहायची आणि विचारायची, "जमलं का?" आजी बोट फिरवून अंदाज घ्यायची. एकदा तिच्या तोंडी 'चालेल' आलं होतं. ते तिने गिळलं आणि म्हणाली, "छान झालंय." पुस्तकावर आता दोन नावं आहेत, आणि शेवटच्या पानावर तो वाकलेला माणूस आहे. निळा. या वेळी कॅमेऱ्याला दिसेल असा निळा.

म्हणून मित्रांनो, जुनी वस्तू पुसायला घ्याल तेव्हा हात जरा जपून फिरवा. ठिगळ दिसलं की ते खोटंच असणार असं धरून चालू नका. आधी त्याला उजेडाला धरा. आणि घरातल्या ज्या माणसाला तुम्ही नुसतं 'चालेल' म्हणत आलात, त्याला चांगला शब्द त्याच्या कानावर पडेल असा सांगा. ठिगळाखाली लपवू नका.

मी तुमच्याकडे आणखी एकच गोष्ट मागते. चित्रकथेतला फुगा वाचून हसू आलं, तर जिच्या हातात कात्री होती तिला एकदा आठवा. ती पलीकडच्याच खोलीत बसलेली आहे. तिला आता चित्रं दिसत नाहीत, पण हसलेलं अजून ऐकू येतं. तेव्हा जरा मोठ्याने हसा.