हाकेवर

केरबाला कुणी काहीही विचारलं की त्याचं उत्तर एकच, "बघू." युनियनच्या मीटिंगला येतो का? बघू. रविवारी ओव्हरटाइम करतो का? बघू. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मराठवाडा तापला होता. शेजारच्या मशीनवरचा सखाराम एकही मोर्चा चुकवायचा नाही. तो विचारायचा, "केरबा, तुझं मत काय?" केरबाला मनातून वाटायचं, द्यावं की बाबासाहेबांचं नाव, शोभूनच दिसेल. पण तोंडातून यायचं, "बघू." आणि तीन वर्षांपूर्वी सोनाजीमामानं जेव्हा विचारलं, "आमच्या मंजुळीला करून घेतो का?" तेव्हासुद्धा या दीडशहाण्यानं तेच सांगितलं होतं.

धनगराच्या घरात मामाची पोरगी म्हणजे अर्धं ठरलेलंच लग्न. पण केरबा वाळूजच्या कंपनीत लागला, मेंढरांचा वास अंगावरून गेला आणि त्याला वाटायला लागलं, आपल्याला शहरातल्या औरंगपुऱ्यातली, लूनावर बसणारी बायको मिळणार. औरंगपुऱ्यानं त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. पाच घरी त्यानं पोहे खाल्ले, पाचही घरांनी "कळवतो" म्हणून सांगितलं, ते अजून कळवतायत. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे दर वेळी पोह्यांची बशी हातात घेतली की त्याला मंजुळाच आठवायची. तिच्यावर त्याचा जीव होता. एवढी साधी गोष्ट कळायला त्याला पाच घरचे पोहे लागले.

मग त्यानं दुःख विसरायला सरकारी लिलावातली जुनी जीप घेतली. तिला गिअरच्या दांडीशेजारी आणखी एक दांडी होती. ती ओढली की चारही चाकं जोर करतात, असं तो कंपनीत सगळ्यांना सांगायचा. स्वतः मात्र तिला डबा अडकवायचा. एकदा तो डांबरी सडकेनं फर्दापूरला जाऊन आला आणि महिनाभर सांगत सुटला, "डोंगर तुडवून आलो."

मार्गशीर्षात मामाचा निरोप आला. "उद्या पाव्हणे सुपारी फोडायला येतेत. केरबाला काय बोलायचं असंल तर आज दिस मावळायच्या आत येऊन बोलावं. मावळल्यावर नाय."

केरबानं आई बानाबाईला जीपमध्ये घातलं आणि निघाला. फुलंब्रीच्या अलीकडं रास्ता रोको. सडकेवर आडवे दगड, जळके टायर, मागं ट्रकांची रांग. बानाबाई म्हणाली, "उतर खाली. इथनं डोंगरानं पायवाट हाय, दुपारच्याला पोचू."

"माय, जीप हाय आपल्याकडं! हिला सडक लागत नाय."

बानाबाईनं कपाळाला हात लावला. केरबानं जीप गाडवाटेला घातली.

गाडवाट शेतात संपली, शेत बांधाशी संपलं, बांधापुढं बाभळी. तीन तास तो डोंगराच्या पोटात फिरला आणि एकच पळस त्याला चारदा भेटला. ज्या डोंगरात बापानं उभा जन्म मेंढरं चारली, तिथं हा चार चाकं घेऊन चुकला. शेवटी केसरबाई नावाची एक म्हातारी शेरडं हाकताना दिसली.

"मावशे, सोनाजीची वस्ती?"

"ती काय, हाकेवर हाय."

केरबा खूश झाला. हाकेवर म्हणजे जीपनं पाच मिनिटं! बानाबाई खो खो हसली. "आरं, हाक उडत जाती. तुझी जीप उडती का?"

तेवढ्यात नाला आला. मागची चाकं वाळूत रुतली. "आता बघ," म्हणत केरबानं डबा बाजूला केला आणि ती दांडी सगळा जोर लावून ओढली. दांडी मुळासकट हातात आली.

"बैल गेला आन् झोपा केला," बानाबाई म्हणाली आणि पदर खोचून चढायला लागली. केरबा मागोमाग. दांडी टाकून द्यायचंही त्याला सुचलं नाही.

वर टेकाडावर येऊन बघतात तर समोरच्या कड्यावर मामाची वस्ती. चुलीचा धूर दिसत होता, कुत्रं भुंकलेलं ऐकू येत होतं, आणि मधे ही खोल दरी. उतरून चढायचं म्हणजे अंधार पडणार. दिवस तर कासराभरच उरला होता. उद्या सुपारी फुटणार आणि आपण इथं दांडी धरून उभे.

"येऊन बोल म्हनला ना मामा? बोल की हितनंच," बानाबाई म्हणाली. "मार हाक."

केरबानं घसा साफ केला आणि ओरडला, "हॅलो!"

"मेल्या, टेलिफोन हाय का त्यो?" बानाबाईनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि अशी हाक दिली की पाखरं उडाली. "सोनाऽऽजी! केरबा आलाऽऽय!"

पलीकडच्या कड्यावर मामा आला. त्याच्या शेजारी हिरवं लुगडं. उत्तर लुगड्याकडून आलं. "काय म्हनतोऽऽय?"

मंजुळाच ती. केरबानं तोंड उघडलं आणि सवयीनं निघून गेलं, "बघूऽऽ..."

दरीनं ते चारदा म्हणून दाखवलं. बानाबाईनं त्याच्या हातातली दांडी हिसकावली आणि पाठीत एक ठेवून दिली.

"चुकलोऽऽ!" केरबा बेंबीच्या देठापासून ओरडला. "मंजुळेऽऽ! मला तूच पायजे! तवाबी तूच पायजे होतीस! मी गाढव हाय!"

खाली केसरबाईची शेरडं थांबली. वस्तीतली माणसं कड्यावर गोळा झाली. सूर्य समोरच्या डोंगराला टेकला. मग पलीकडून, सावकाश, हसू दाबलेला आवाज आला.

"बघूऽऽ!"

डोंगरानंही तेच सांगितलं. मामा हसत होता का, ते एवढ्या लांबून कळेना. इतकी वर्षं केरबा हा शब्द लोकांच्या हातावर ठेवत आला होता. आज पहिल्यांदा तो त्याला कुणी दिला, आणि त्याच्या जिवाचं पाणी पाणी झालं.

"माय, व्हय म्हनली का नाय म्हनली?"

"आता जा आन् इचार," बानाबाई म्हणाली आणि दांडी त्याच्या हातात परत दिली. केरबा ती टेकत दरीत उतरायला लागला.