खिंडीपर्यंत सोबत

आमच्या डोंगरात पाहुण्याला तंबूच्या दारातूनच निरोप देणं म्हणजे त्याला हाकलून देण्यासारखं. निदान पुढच्या वळणापर्यंत तरी त्याच्याबरोबर चालायचं. काचकीनमामा तर पार खिंडीपर्यंत जायचे. घोड्यावरून पडून गुडघा कामातून गेला, तेव्हा त्यांनी हे काम मोइनोकला शिकवलं. मोइनोक म्हणजे त्यांचा शिकारी कुत्रा, लांब पायांचा आणि करड्या रंगाचा. मामांकडे चहा पिऊन उठलेल्या प्रत्येकाला तो खिंडीवर पोचवायचा आणि एकटा परत यायचा.

परदेशी लोकांना त्याचं कोण कौतुक! फोटो काढून काढून त्यांनी मोइनोकला जगभर पोचवलं. मग लोक डोंगर बघायचं सोडून कुत्र्याबरोबर चालायला यायला लागले. मी या राष्ट्रीय उद्यानाची वनरक्षक. माझं विचाराल तर माणसांनी डोंगर लांबून बघावा आणि गुमान घरी जावं. पण मला विचारतंय कोण?

खरी भानगड परतीच्या वाटेवर होती. खिंडीखालच्या कड्यात रानबकऱ्या वितात. पाहुणे पलीकडे उतरले की मोइनोक मोकळा, आणि शिकारी कुत्रा मोकळा सुटला की शिकारच करणार. फाडलेली करडं सापडायला लागली तेव्हा मी लांडग्याच्या नावाने शंख करत होते. मग खडकात बसवलेल्या कॅमेऱ्यात मोइनोक दिसला. तोंडात करडू होतं.

उद्यानाचे प्रमुख एसेनकुलसाहेब. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"आयजारकीन, कुत्रा तुमच्या मामांचा ना? मग तुम्हीच सांगा, काय करू? त्याला गोळी घालू, की मामांचा तंबू हलवू? करडं अशीच मेली तर चार वर्षांनी कड्यात बकरी दिसणार नाही. बकरी नाही तर हिमबिबट्याही नाही."

मला त्यांचा भयंकर राग आला, कारण ते खरं बोलत होते.

"बांधून ठेवायला लावते, साहेब. एक संधी द्या."

"एकच. पुन्हा झालं तर गोळी तुम्ही घालायची."

मामा ऐकून भडकलेच.

"बांधू? आणि पाहुण्याबरोबर कोण जाणार? तू?"

"कोणी नाही. वाटेवर पाट्या लावल्यात, मामा."

"पाटी सोबत करते होय गं? तुझी आई असती तर कान उपटले असते तुझे."

"तुम्ही उपटा. पण हा सुटला तर याला मारायचंय, आणि ते मलाच करायचंय."

मामा लंगडत उठले आणि स्वतःच दोरी घेऊन आले.

त्यानंतर पाहुणे निघाले की मोइनोक दोरीला हिसके देत रडायचा. मामा तेवढा वेळ तंबूत जाऊन बसायचे. पाहुण्यांना निरोप द्यायलाही बाहेर येईनासे झाले. उन्हाळा असाच सरत आला होता, आणि मला वाटायला लागलं होतं की निभावलं.

एक दिवस मी खिंडीपलीकडच्या चौकीवर असताना तिथे एक तरुण जोडपं उतरलं. पोरगी आनंदाने सांगायला लागली, त्या बाजूच्या तंबूपाशी एक बिचारा कुत्रा बांधून घातला होता, तंबूत कोणी नव्हतं, आम्ही त्याला सोडवलं. इतका गुणी, थेट खिंडीपर्यंत आमच्याबरोबर आला! मी हातातला चहा ठेवला आणि घोडा काढला.

कड्यात सापडलेलं करडू अजून गरम होतं. मोइनोक शेजारीच बसला होता. मला बघून त्याने शेपटी हलवली.

दोरी लावून त्याला खाली आणलं. मामा चरायला गेलेल्या घोड्या वळवून परतले होते. त्यांनी कुत्र्याच्या तोंडाचं रक्त बघितलं.

"पाहुण्यांनी सोडला," मी म्हटलं. "मामा, मी साहेबांच्या हातापाया पडते. शहरात कोणालातरी देऊन टाकू."

"शहरात साखळीला?" मामांनी मान हलवली. "बांधलेला बघितला मी हा उन्हाळाभर. पुन्हा नको. आणि तुझी नोकरी आहे, पोरी."

"नोकरी गेली खड्ड्यात!"

"आणि करडं?"

मी रडायला लागले. मामांनी मला आत नेलं, गादीवर मानाच्या जागी बसवलं. समोर पाव, लोणी आणि चहा ठेवला. भाचीला कोणी इतकं करत नाही. ते म्हणाले, "खा. खाऊनच निघायचं."

मी उठले तेव्हा ते बाहेर आले. वाकून त्यांनी मोइनोकची दोरी सोडली, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "जा, पाहुणीला पोचवून ये."

मोइनोक उड्या मारत वाटेला लागला. खांद्यावर बंदूक घेऊन मी त्याच्यामागे पायीच निघाले. मी मागे पडले की तो थांबायचा, मान वळवून मी येतेय ना बघायचा, आणि मगच पुढे व्हायचा. मी सारखी मागे पडत होते.