न धुतलेला पाला

"काका, या फडक्यात काय आहे ते तरी सांगा," सुमेधा म्हणाली.

"पाला आहे."

"कशाचा?"

वामनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. "ते नाई सांगता येत, म्याडम. नाव सांगतलं का गुण जाते."

एरवी सुमेधा हसली असती. यवतमाळच्या एका फार्मसी कॉलेजात ती शिकवत असे आणि काविळीवरच्या गावठी वनस्पतींवर तिचं संशोधन चालू होतं. बाभुळगावकडचे वामनराव काविळीचं औषध देतात, लांबून लांबून माणसं येतात, असं ऐकून मागच्या साली ती त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली होती. चहा मिळाला, पोहे मिळाले, औषधाचं नाव काही मिळालं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! आता तीच मूठ घेऊन म्हातारा आपण होऊन एसटीने आला होता. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात. असा माणूस समोर असल्यावर हसणार कोण?

तिने फडक्याची गाठ सोडली. आत वाळून काळपट झालेला चोथा होता, थोड्या मुळ्या, थोड्या काड्या. वाटताना सुटून राहिलेल्या एका काडीला पानांच्या खालच्या अंगाने मोहरीएवढी फळं ओळीने चिकटलेली होती.

"भुईआवळा," ती म्हणाली.

वामनरावांचा चेहरा उतरला. बापाने मरताना कानात सांगितलेलं नाव, जे त्यांनी स्वतःच्या बायकोलाही कधी सांगितलं नाही, ते या पोरीने खुर्चीवरून न उठता सांगून टाकलं. तसा भुईआवळा म्हणजे काही हिमालयातली बुटी नव्हे. पावसाळा लागला की कपाशीच्या ओळींमधल्या तासात, बांधावर, जिथे तिथे उगवतो आणि निंदणाऱ्या बाया मुठीमुठीने उपटून फेकून देतात. पण गावाला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं म्हणूनच गावाला वामनरावांची गरज होती.

"तेच आहे," ते हळूच म्हणाले. "मले नाव नाई पायजे, म्याडम. याच्यात जहर आहे का, तेवढं पाहून द्या."

"जहर?"

"माही सून गेली ना."

आणि मग त्यांनी सांगितलं. मध्येमध्ये थांबत, पण सगळं सांगितलं.

औषधाचे नियम बापाने घालून दिले होते आणि वामनरावांनी ते एखाद्या व्रतासारखे पाळले होते. रविवारी नाहीतर बुधवारीच द्यायचं. कोणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घ्यायचं नाही. उजाडायच्या आत, कोणाशी न बोलता पाला उपटायचा. त्याला लोखंड लावायचं नाही आणि पाणी तर मुळीच लावायचं नाही, कारण धुतला की गुण पाण्यासोबत वाहून जातो. पाट्यावर वाटून ताकातून द्यायचा. उरलेला चोथा फडक्यात बांधून आढ्याला टांगायचा आणि रोगी बरा झाला की नाल्यात सोडायचा. असे कित्येक चोथे वामनरावांनी नाल्यात सोडले होते. त्यातले किती रोगी पाल्याने बरे झाले आणि किती आपोआप, हे देव जाणे. पण बरे झालेली माणसं त्यांच्या पाया पडून जात, आणि तो मान त्या साध्या शेतकऱ्याला आयुष्यभर पुरला होता.

सून समीक्षा घाटंजीची. वामनरावांच्या मुलाशी, नयनशी लग्न होऊन जेमतेम दुसरं वरीस. वामनरावांची बायको विमलताई गेल्यापासून त्या घरात मोठ्याने कोणी हसलं नव्हतं. ही पोरगी आली आणि सासऱ्याची थट्टा करायला लागली. भादव्यात तिचे डोळे पिवळे झाले. वामनरावांना मनातून भीती अशी वाटलीच नाही. काविळीच्या वैद्याच्या घरी कावीळ, त्यात काय घाबरायचं? पहिल्या दोन खेपांना तिने नाक धरून ताक घेतलं. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "मामाजी, इतकं कडू कायले देता? एखांद्या रोजी गूळ टाकत जा ना त्याच्यात." तेही तिने हसत पिऊन टाकलं.

दुपारी तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. अंगाला दरदरून घाम, तोंडाला फेस. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरने बॅटरी लावून डोळे पाहिले आणि म्हणाला, फवारणीचं विष पोटात गेलंय. घरी काही दिलं होतं का, असंही त्याने विचारलं. वामनराव म्हणाले, "घरगुती देल्लं, त्यानं काही होत नसते." पहाटे समीक्षा गेली.

ती वर्षंच तशी होती. कपाशीच्या गावातून कोणी ओकत दवाखान्यात आलं की पुढचं कोणी विचारत नसे; जो तो आपल्या मनाशी उत्तर देऊन मोकळा होई. त्यात आदल्या सांजेला नवराबायकोचं वाजलं होतं. तिला महालक्ष्म्यांना माहेरी जायचं होतं, नयन म्हणाला होता, "फवारा चालू आहे, आता कायची महालक्ष्मी?" भांडण एवढंच, पण शेजारच्या भिंतीने ते ऐकलं होतं. गावाने सुतावरून स्वर्ग गाठला: भांडणापायी पोरीने विष घेतलं. तिची आई रुक्माबाई घाटंजीहून आली ती छाती बडवतच, आणि जाताना त्या घराच्या दारात थुंकून गेली.

"अन् नयन?" सुमेधाने विचारलं.

"रडलाच नाई म्याडम तो. गोठ्यात बसून राह्यते. एकदाच बोलला. मन्हे, बाबा, एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस आपल्याले सोडून जाते काय?" वामनरावांनी फडक्याकडे बोट केलं. "हे तिसऱ्या खेपेचं आहे. नाल्यात सोडाचं राहून गेलं. याच्यात जहर निघालं तं म्या मारली तिले. नाई निघालं, तं तिनं जीव देला."

सुमेधाने फडक्याची गाठ पुन्हा बांधली. तोंडातून भलताच प्रश्न गेला. "तुम्हाला काय निघायला हवंय, काका?"

"जहर," वामनराव लगेच म्हणाले. हा प्रश्न ते स्वतःला रोज विचारत असावेत.

---

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. सुमेधाने चोथ्याचा अर्क काढून यंत्रातून तपासला होता. एकदा तपासून तिचा विश्वास बसला नाही म्हणून पुन्हा तपासला. कपाशीवर मारायचं विष त्यात होतं, आणि वाऱ्याने उडून आलेल्या शिंतोड्याइतकं नव्हे, चांगलं भरपूर होतं.

वामनरावांनी डोळे मिटून मान हलवली. "सुटली बिचारी," एवढंच म्हणाले. सुमेधाला आधी कळलंच नाही की हे ते समीक्षाच्या नावावरच्या डागाबद्दल बोलताहेत.

"पाला कुठून आणला होता?"

"विहिरीपासून. तिथं ओल असते, पाला हिरवागार राह्यते."

"फवाऱ्याचा पंप कुठे भरता?"

वामनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पंप विहिरीवरच भरला जाई. तिथेच औषध कालवलं जाई आणि सांजेला रिकामा पंप तिथेच खळखळून धुतला जाई. ते काम नयनचं.

"पाला ओला होता," ते म्हणाले. "मले वाटलं दव आहे."

"काका, एकदा साध्या पाण्याने धुतला असता तरी..." सुमेधाने जीभ चावली. पण शब्द निघून गेला होता.

"बोला ना म्याडम. वाचली असती."

"तसं नक्की नाही सांगता येत. लिव्हर आधीच नाजूक झालेलं होतं." आपण शिकलेल्या सगळ्या विद्येतून या माणसाला द्यायला एवढंच निघावं, याची तिला लाज वाटली. तिने कागद पुढे केला. "हा नयनला दाखवा. म्हणावं, तिने काही केलं नाही."

वामनरावांनी कागदाला हात लावला नाही. "हे विहिरीचं, पंपाचं लिव्हलं काय याच्यात?"

"नाही. पण तो विचारेल ना, पाल्यावर विष आलं कुठून."

"तेच तं," वामनराव म्हणाले आणि उठले. "कागद तुमच्यापाशीच राहू द्या. पोट्ट्यानं पंप धुतला, त्यात त्याची काय चूक? पण त्याले कोण समजावन?"

परतीच्या एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. बायको सोडून गेली, हे दुःख पोराच्या उरावरून काढायचं आणि आपणच धुतलेल्या पंपाच्या विषाने मेली, हे दुःख तिथे ठेवायचं, हा कुठला न्याय? डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारच्या बाईने आपला पदर सावरून त्यांना जरा जास्त जागा करून दिली.

---

नयन गोठ्यातच होता, बैलाच्या दावणीशी टेकून. दिवस मावळायला आला होता.

"नयन," वामनराव दारातूनच म्हणाले, "समीक्षा तुले सोडून नाई गेली. म्या मारली तिले."

नयनने मान वर केली.

"यवतमाळले चोथा तपासून आणला. माह्या पाल्यात जहर होतं. तिनं काहीच नाई केलं रे. ते तुह्यावर रागावलीबी नव्हती."

"पाल्यात जहर कसं येईन?"

वामनरावांनी खांब धरला. उभ्या आयुष्यात ते कधी खोटं बोलले नव्हते. बोलायची वेळच आली नव्हती. "म्या धुतला पाला त्या रोजी."

"तुमी तं कधीच धुत नाई."

"त्या रोजी धुतला. घरची पोरगी होती ना. माती नको जायाले पोटात, मन्हलं. अंधारात बादली घेतली, ते फवाऱ्याची होती. मले दिसलं नाई."

त्यांनी इतक्या मायेने रचलं ते खोटं की ऐकताना त्यांनाच वाटलं, असं घडलं असतं तर किती बरं झालं असतं. निदान तिच्यासाठी नियम मोडला असता.

नयन उठला. दोन ढांगांत त्याने बापाची बंडी धरली आणि त्यांना खांबावर आदळलं. एकदा, दोनदा. टोपी शेणात पडली. "काहून?" तो ओरडला. "काहून पाहून नाई घेतलं? काहून?" आणि तिसऱ्यांदा आदळायला हात उचलला तो उचललेलाच राहिला. त्याच्या तोंडातून वासरू हंबरावं तसा आवाज फुटला. तो बापाच्या छातीवर डोकं घासत, मुठी मारत रडायला लागला. इतक्या दिवसांचं रडणं होतं ते. वामनराव हलले नाहीत. मुठी छातीवर पडत होत्या आणि ते मनातल्या मनात म्हणत होते, रड बापा, रड.

अंधार पडायच्या सुमारास नयन न्हाणीतून तोंड धुऊन आला. त्याने धुतलेला सदरा घातला, केस ओले करून मागे सारले. गाडी अंगणात काढली.

"कुठं चालला?" वामनरावांनी विचारलं.

"घाटंजीले. तिच्या मायले सांगाले लागन." तो बापाकडे पाहत नव्हता. त्याने गाडीला किक मारली, ती लागली नाही, दुसऱ्यांदा लागली. निघता निघता, तोंड तसंच दुसरीकडे ठेवून तो म्हणाला, "भाकर झाकून ठेवली आहे. खाऊन घ्या."

गाडीचा आवाज गावाबाहेरच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला. मग वामनराव आत गेले, आणि मुलाने सांगितलं म्हणून जेवायला बसले.