न कुजणारी चिंधी

फांदीला बांधलेल्या चिंधीचा हिरवा रंग दक्षिणेकडच्या बाजूने उडाला होता, पण विणीतला एकही धागा तुटलेला नव्हता. नोरीनने चष्मा कपाळावर सरकवला आणि ती जवळून पाहिली. हिरव्याखालचा पिवळा पट्टा तर अजून पिवळाच होता. ज्या कडेला कात्री चालली होती तिथे चार-दोन तंतू सुटले होते, तेवढेच. शेजारी कुणीतरी बांधलेल्या सुती रुमालाची फक्त गाठ उरली होती. बोट लागलं असतं तर तीही भुकटी होऊन पडली असती. नोरीनने बोट लावलं नाही. दुसऱ्याच्या चिंधीला हात लावायचा नसतो.

"कात्री आणलीस ना?" मागून टायगने विचारलं.

"आणलीय."

"मग आता काय मुहूर्त बघतेस?"

टायग शाळेत तिच्याच वर्गात होता. या भागातली झाडं तो तोडायचा आणि थडग्यांचे दगडही तोच घडवायचा. "कुठूनही गेलात तरी शेवटी गाठ माझ्याशीच आहे," असं तो पबमध्ये नव्या माणसाला हटकून सांगे. आज त्याने करवतीला तेल घातलं होतं, दोर भिंतीवर मांडून ठेवला होता आणि तो नुसता बसून होता. झाडावर आता एकच चिंधी अशी होती जिची मालकीण समोर उभी होती.

पवित्र झऱ्यावरचं हे अ‍ॅशचं झाड बुरशीने गेलं होतं. शेंड्यापासून खाली वाळत आलं होतं. गेले काही उन्हाळे वरच्या निम्म्याला पानच नव्हतं. ईस्टरच्या आठवड्यात एक जाड फांदी नेमकी प्रदक्षिणेच्या वाटेवर पडली. तेव्हा कुणी वाटेवर नव्हतं म्हणून निभावलं. गेल्या रविवारी फादरनी प्रार्थनेनंतर सांगून टाकलं, शनिवारी झाड उतरवायचं आहे, ज्याचं जे असेल ते त्याने सोडवून न्यावं. आठवडाभर लोक येत होते. कुणी चिंधी सोडवली, कुणी नुसतं उभं राहून परत गेलं. ज्या चिंध्यांचे धनी मातीत किंवा बॉस्टनला गेले होते, त्यांच्या फांद्या टायग तशाच्या तशा पलीकडच्या चरात निजवणार होता.

"मी कुणाच्या दुखण्याला हात लावणार नाही," तो म्हणाला होता. "माझी कंबर मला पुरेशी आहे."

चिंधी बांधायची, ती जसजशी कुजेल तसतसं दुखणं उतरेल, अशी इथली समजूत. नोरीन दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करत होती. दुधातली चरबी मोजणं, औषधाचा अंश तपासणं, गाळणीची कापडं बघून बाद करणं, हे तिचं रोजचं काम. कुठलं कापड किती टिकतं हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

फाटक करकरलं. हॅना काठी टेकत खाली उतरली. नोरीनची सासू, शहाऐंशी वर्षांची, आणि डोक्याचा रुमाल अजून हनुवटीखाली आवळून बांधणारी. तिच्यामागून ऊना आली, खांद्याला कापडी पिशवी लावून.

"फाटक लाव गं," हॅना मागे न बघताच म्हणाली. "झाडांची परवानगी घेतेस, एकदा माझ्या मेंढ्यांचीही घे."

"लावलं, हॅना."

"मागच्या वेळीही लावलं होतंस. सहा मेंढ्या पोस्टासमोर सापडल्या."

ऊना हसली आणि परत जाऊन कडी बघून आली. ती मूळची डब्लिनची. इथे राहायला आल्यापासून ती पाहुण्यांना झाडांची अक्षरं शिकवायची: दगडांवर रेषांनी कोरायच्या जुन्या ओगम लिपीतलं एकेक अक्षर म्हणजे एकेक झाड, आणि एकेका झाडापाशी बसून करायचं ध्यान. तिच्या पिशवीत वीस काड्या असत, वीस झाडांच्या, प्रत्येकीवर त्या त्या अक्षराच्या रेषा कोरलेल्या. काडी नेहमी पडलेल्या फांदीचीच घ्यायची, आणि तीही विचारून. नोरीनने एकदा तिला सांगितलं होतं की हे झाडांचे महिने वगैरे काही फार जुनं नाही, शंभर वर्षांपलीकडचा पुरावा नाही. ऊना म्हणाली होती, "माहीत आहे मला. पण कुणीतरी कधीतरी सुरुवात करावीच लागते ना."  आणि हिवाळ्यात, एकही पाहुणा नसताना, झऱ्यातली कुजलेली पानं काढायला ऊनाच येते, हे नोरीनने पाहिलं होतं.

ऊनाने झाडाच्या बुंध्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. हॅनाने सूर्याच्या दिशेने प्रदक्षिणा सुरू केली, ओठ हलवत. टायगने टोपी काढली. कुणाला कुणाची अडचण झाली नाही.

प्रदक्षिणा संपवून हॅना भिंतीच्या दगडावर टेकली. टायगने थर्मासमधला चहा तिला ओतून दिला.

"मंगळवारी दफनभूमीत आहे मी," तो म्हणाला. "लिंचांच्या दगडाचं काम निघालंय. छिन्नी-हातोडी घेऊन जाणारच आहे." त्याने नोरीनकडे बघितलं नाही. "म्हणजे सहज सांगतोय."

दरवर्षी तो एकदा असं सहज सांगायचा.

सुग्रू घराण्याच्या थडग्याच्या दगडावर हॅनाच्या नवऱ्याचं, मॉरिसचं, नाव होतं. त्याखाली कोरी जागा होती. फिनन, मॉरिसचा आणि हॅनाचा एकुलता मुलगा, नोरीनचा नवरा, नऊ नोव्हेंबरला शेवंडांचे सापळे उचलायला बोट घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी बोट सापडली. इंजिन चालू होतं, डबा उघडलेला होता, ब्रेडचा एक तुकडा खाल्लेला होता. तो सापडला नाही. सरकारी कागदांवर नोरीनने केव्हाच सह्या केल्या होत्या. बोटीचं, विम्याचं सगळं निस्तरलं होतं. दगडाचा विषय निघाला की मात्र ती एकच विचारायची, आणि ते रास्तच होतं: तारीख काय घालणार? त्या दिवशी दुपारी? रात्री? दुसऱ्या दिवशी पहाटे? पाणी किती थंड होतं हे तिला माहीत होतं, माणूस त्यात किती वेळ तग धरतो याचे आकडेही तिने वाचले होते, आणि ते आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही. 

हॅना दर रविवारी त्या दगडासमोर गुडघे टेकायची आणि कोऱ्या जागेकडे बघून मुलासाठी प्रार्थना म्हणायची.

"मला ते लिहिलेलं बघायचंय," ती आता चहाच्या कपाकडे बघत म्हणाली. "खाली गेल्यावर वरचं वाचता येत नाही."

"हॅना, मी तुम्हाला..."

"थांब. तुझ्या तारखेचं उत्तर आणलंय मी." तिने काठीने ऊनाकडे खूण केली. "सांग तिला."

ऊना जरा संकोचली. "वरच्या शेतात तो उभा दगड आहे ना, तुमच्याच. त्याच्या कडेवर ओगम आहे. मी हॅनाला वाचून दाखवलं."

"इतकी वर्षं मेंढ्या त्याला पाठ घासतायत," हॅना म्हणाली. "मला वाटायचं त्यांनीच झिजवलाय."

"त्यावर फक्त माणसाचं नाव आहे आणि बापाचं नाव आहे," ऊना म्हणाली. "अमक्याचा मुलगा अमका. एवढंच. त्या लोकांनी दगडावर कधी तारीख घातली नाही."

"ऐकलंस?" हॅना म्हणाली. "मेला कधी ते नाही. होता एवढंच. तसं करू. फिनन, मॉरिसचा मुलगा. कडेवर."

टायगने मान डोलावली. "नुसत्या रेषा मारायच्या आहेत. अर्ध्या दिवसात होईल. फादरना मी समजावतो. ही लिपी संतांच्या आधीची असली तरी ते चालवून घेतील."

ऊनाने पिशवी उघडली आणि भिंतीच्या सपाट दगडावर एकेक काडी उभ्या ओळीत ठेवत गेली. अल्डर. त्यावर यू. त्यावर अ‍ॅश, मग पाइन. "खालून वर वाचायचं," ती म्हणाली, "झाड वाढतं तसं." मग तिचा हात थांबला. अ‍ॅशची, म्हणजे 'न'ची, काडी तिच्याकडे एकच होती आणि फिननच्या नावात ती दोनदा लागत होती. ती खाली वाकली, गवतात पडलेली एक वाळकी डहाळी उचलली, क्षणभर झाडाकडे बघितलं, आणि ती डहाळी ओळीच्या टोकाला ठेवली.

नोरीनने ती ओळ पाहिली. अल्डर पाण्याखाली कुजत नाही. जुन्या धक्क्याचे खांब अल्डरचेच होते. फिनन बोट बांधताना त्यांच्यावर टाच आपटून बघायचा. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

"चांगलं आहे," ती म्हणाली. त्यांनी तिला वाट करून दिली होती, आणि ती वाट सरळ होती, कुठेही खोटं लिहावं लागत नव्हतं. तरी ती "हो" म्हणाली नाही. तिने खिशातली कात्री काढली आणि ती फांदीकडे वळली.

चिंधीची दोन्ही टोकं कापली गेली. गाठ सुटेना. तिने नखाने साल उचकटली तेव्हा लक्षात आलं की गाठीचा बराचसा भाग बाहेर नव्हताच. सालीने तो गिळला होता. हिरवट कापडाची एक कड लाकडातून डोकावत होती.

हॅना उठून तिच्याजवळ आली. तिने वाकून ती गाठ निरखली.

"मीही बांधली होती," हॅना हळूच म्हणाली. "त्याच आठवड्यात. पलीकडच्या फांदीवर. त्याच्या शाळेच्या शर्टाची बाही. सुती होती. पहिल्याच हिवाळ्यात गेली."

"मला माहीत नव्हतं."

"तुला कशाला सांगू? तू ही बांधलीस, त्याची फुटबॉलची नायलॉनची जर्सी फाडून. मी म्हटलं, डेअरीत दिवसभर कापडं तपासणारी बाई आहे ही, हिला काय कळत नाही?"

नोरीनने कात्री खिशात टाकली. मग म्हणाली, "कळत होतं."

"तेच." हॅनाने काठी दुसऱ्या हातात घेतली. "म्हटलं, असू दे. एकीची गेली, एकीची राहू दे. पण आता झाडच उरलं नाही गं. चिंधी धरून ठेवणार कोण?"

टायगने करवत सुरू केली. फांदी त्याने आधी दोराने बांधून घेतली, मग गाठीच्या जरा वरून आणि जरा खालून कापून तेवढाच तुकडा नोरीनच्या हातात दिला. "हे चरात टाकायचं नाही," तो एवढंच म्हणाला. तुकडा वीतभर लांब होता. खालचा काप मात्र नेमका गाठीच्या कडेवर आला होता, त्यामुळे कापलेल्या तोंडावर हिरव्या-पिवळ्या कापडाचा एक बारीक ठिपका दिसत होता.

नोरीनने थुंकीने अंगठा ओला करून तो काप पुसला आणि उजेडाकडे धरला. ठिपक्याच्या आत लाकूड गोल, सरळ होतं. ठिपक्यापासून बाहेर वर्तुळं वाकडी होत गेली होती, कापडाला वळसा घालून. पहिली जाड होती. मग पातळ. रोग लागल्यानंतरची तर केसासारखी. ती नखाने एकेक मोजत गेली, आणि सवयीने पुन्हा उलट मोजून पाहिलं. आकडा तोच आला. चिंधी बांधली त्या हिवाळ्यापासून एकही वर्ष झाडाने सोडलेलं नव्हतं. मरायला टेकलं होतं तेव्हाही.

मागे करवत पुन्हा सुरू झाली. ऊना आणि हॅना वाटेच्या वर जाऊन उभ्या राहिल्या. झाड पडताना फारसा आवाज झाला नाही. आतून पोकळ झालेलं होतं. झऱ्यावर एकदम आभाळ दिसू लागलं. हॅनाने कपाळ, छाती, खांदे अशी क्रूसाची खूण केली. "आता प्रदक्षिणेच्या बायकांना ऊन लागेल इथे," ती म्हणाली, आणि डोळे पुसले.

टायगने करवत बंद करून कानावरची टोपणं गळ्यात घेतली. ऊना भिंतीवरच्या काड्या पिशवीत भरत होती. टोकाची वाळकी डहाळी तिने तशीच राहू दिली.

"मग मंगळवारी कडेवर रेषा," टायग म्हणाला. तो करवतीच्या साखळीतला भुसा काढत होता. "नाव आणि बापाचं नाव. तारीख नाही. ठरलं का तुमचं?"

हॅनाने नोरीनकडे बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

नोरीनने लाकडाचा तुकडा काखेत धरला. चष्मा डोळ्यांवर घेतला.

"कडेवर हॅना म्हणतात तसं कर," ती म्हणाली. "आणि समोर, मॉरिसच्या खाली, नेहमीच्या अक्षरांत पुन्हा नाव घाल."

"घालतो."

"तारखेसकट."

टायगचा हात थांबला. "कुठली?"

"नऊ नोव्हेंबर," नोरीन म्हणाली.