हातमागाचं काय झालं

रक्षानं छोटा माइक भरमाआप्पांच्या सदऱ्याला तिसऱ्यांदा अडकवला आणि वर आपला रुमाल गुंडाळला. समोर चार यंत्रमाग एकसारखे खडखडत होते. रेकॉर्डरच्या पडद्यावर आवाजाची रेघ वरच्या टोकाला चिकटली होती, आणि आप्पांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"दहा मिनिटं बंद ठेवूया का, आप्पा?" ती ओरडून म्हणाली.

आप्पांनी मान हलवली. "साडी अर्ध्यावर हाय. तू इचार की."

वडगावातल्या या घरी तिची ही चौथी खेप. बेंगळुरूच्या एका विद्यापीठात ती सार्वजनिक इतिहास विषयात एम.ए. करत होती. वडगाव-शहापुरातल्या घरांतून हातमाग कसे गेले, यावर तिचा प्रबंध होता आणि तो द्यायला अकरा दिवस उरले होते. निपाणीच्या घरून सकाळच्या बसला उभं राहून यायचं, दिवसभर ओरडायचं आणि बसलेला घसा घेऊन परत जायचं. एवढं करून मार्गदर्शक मॅडमचा एका ओळीचा मेल आला होता: शब्द ऐकू येत नाहीत, शांत जागी पुन्हा घ्या.

शांत जागाही करून झाली होती. मागच्या खेपेला तिनं आप्पांना मारुतीच्या देवळात नेऊन बसवलं. तिथं ते पाऊण तास नळाच्या पाण्यावर बोलले. घरातल्या हातमागाचं काय झालं, असं विचारलं की दर वेळी तेच एक वाक्य. वाळवी लागली.

आजही तिनं तेच विचारलं, उत्तराची फारशी आशा न धरता.

आप्पा मागाजवळून उठले. तिच्याजवळ येऊन वाकले आणि तोंड तिच्या कानाशी आणलं.

"वाळवी न्हवती," ते म्हणाले. "ह्ये माग घ्यायचं ठरलं, जागा पायजे हुती. जुन्या मागाला गिऱ्हाईक न्हाय. ही भाचीच्या लगनाला उचगावला गेलती. आठ दिसांत आमचा माग फोडला आन् न्हाणीच्या चुलीत घातला. ती आल्यावर म्हटलं, वाळवी लागलीती."

रक्षानं रेकॉर्डरकडे पाहिलं. रेघ वरच चिकटलेली. सहा महिने ज्याच्या मागं धावत होती ते फक्त तिच्या कानात पडलं होतं.

"परत एकदा सांगा, आप्पा. माइकजवळ."

तेवढ्यात लाइट गेली. माग एकदम थांबले. शेजारच्या घरातला कुकर ऐकू यायला लागला.

"बोला," ती घाईनं म्हणाली. "आता स्वच्छ येईल."

आप्पांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिथं त्यांची बायको जयाबाई चरख्यावर धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या.

"काय बोलायचं? सांगितलं की. वाळवी लागली."

त्यांनी माइक स्वतःच काढला, रुमालासकट तिच्या हातावर ठेवला आणि सगळ्या गल्लीची लाइट गेली का बघायला बाहेर पडले.

रक्षा माइकची वायर गुंडाळू लागली. तिला गाठ बसली होती. ती सोडवायच्या ऐवजी तिनं हिसका दिला.

"तुटंल ती," जयाबाई म्हणाल्या. त्या चहाचा कप घेऊन आल्या होत्या. "चिडलीस व्हय?"

"नाही, आक्का."

"कानात सांगितलं न्हवं त्यांनी? जाळला म्हणून."

रक्षाचा हात थांबला. "तुम्हाला ऐकू आलं?"

"ह्या आवाजात काय ऐकू येतंय? तोंड दिसत हुतं. पंचवीस वर्सं ह्यातच संसार केलाय, ओठ बघितलं की कळतंय. त्यांना वाटतंय मी खाली मान घालून हाय."

"म्हणजे आज कळलं तुम्हाला?"

"न्हाय गं. उचगावास्नं आलते त्याच दिशी. पाणी तापवायला म्हणून राख काढली, तर जुन्या मागाच्या धोट्याचं लोखंडी टोक घावलं."

"मग विचारलं नाही?"

"तोंड बघवत न्हवतं त्यांचं. वाळवी म्हणाले, मी व्हय म्हटलं." त्यांनी कप पुढं सरकवला. "तूबी वाळवीच लिव्ह."

"आक्का, माझा अख्खा प्रबंध त्याच्यावर आहे." रक्षाचा आवाज चढला. तो तिला स्वतःलाच नको तेवढा मोठा वाटला.

"असू दे की. पन एक चुकलंय बघ. आमचा माग म्हणाले. माग माझा हुता. माझ्या बाबांनी लगनात दिलता. ह्ये कांड्या भरायचे, मी विणायचे."

रक्षानं वही उघडली. चार खेपांची बेचाळीस पानं झाली होती. जयाबाई त्यात एकाच ठिकाणी सापडल्या: पत्नी, गृहिणी. पेनानं तिनं दुसरा शब्द खोडला.

"किती वर्षं विणलंत?"

जयाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. बाराव्या वर्षी मागावर बसले, म्हणाल्या, पाय पोचत न्हवते, बाबांनी लाकडाचा ठोकळा ठोकून दिलता. रक्षानं रेकॉर्डर सुरू करून जवळ ठेवला. पहिली साडी वाकडी झाली, आईनं ती कुणाला न विकता घरातच नेसली, इथवर त्या आल्या आणि लाइट आली.

आप्पा लगबगीनं आत आले. दोघींकडे पाठ करून त्यांनी एकेक माग सुरू केला.

जयाबाई थांबल्या नाहीत. हातानं धोटा फेकल्यासारखं करून दाखवत त्या पुढं सांगतच होत्या. रक्षानं रेकॉर्डर बंद करून पिशवीत टाकला आणि त्यांच्या अगदी समोर सरकून बसली. ओठांवरून चार शब्दांतला एखादा कळत होता.

जयाबाईंच्या ते ध्यानात आलं. त्या जरा सावकाश बोलू लागल्या.