थेंब पसरायला हवा

चष्म्याने ज्यांचं भागत नाही, अशा डोळ्यांसाठी तिथे कडक प्लॅस्टिकच्या लेन्स बनत. कारखाना म्हणायचं ते आपलं कौतुकाने. डोळ्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या, एवढाच पसारा. पहिल्या खोलीत लेन्स कातायचा लेथ, दुसरीत पॉलिश आणि तिसरीत, दार लावून, बारक्या. बारक्या चाळिशी ओलांडलेला आणि अंगाने चांगला आडवा होता. पण त्याच्या ताईने एकदा थेट दवाखान्यात फोन करून "आमचा बारक्या आहे का?" असं विचारलं, आणि त्या दिवसापासून झाडूवालीपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांनी त्याचं खरं नाव बासनात गुंडाळून ठेवलं.

त्याच्या ताब्यात प्लाझ्माची पेटी होती. प्लॅस्टिकची जात मुळात पाण्याशी फटकून वागणारी. लेथवरून उतरलेल्या लेन्सवर थेंब टाका, तो अंग चोरून गोळा होऊन बसतो. तशीच डोळ्यात घातली तर अश्रू तिच्यावर पसरत नाहीत. दिसतं धूसर आणि टोचतं ते वेगळंच. म्हणून बारक्या तिला पेटीत ठेवायचा, पंपाने हवा ओढून घ्यायचा, चिमूटभर ऑक्सिजन सोडून वीज लावायचा. आत फिकट जांभळा उजेड भरायचा. थोड्या वेळाने बाहेर काढलेली लेन्स दिसायला अगदी तीच असायची, पण आता थेंब टाकला की तो आडवा होऊन सगळीकडे पसरायचा. वर काही चोपडलेलं नसतं, फक्त सगळ्यात वरची कातडी तेवढी बदललेली असते. त्यामुळे हे काम नाजूक. कोरडी ठेवली की लेन्स हळूहळू मूळ स्वभावावर जाते, आणि घासली तर संपलंच. म्हणून ती पाण्याच्या बाटलीत बुडवूनच पाठवायची.

हे काम तो शिकला ते ताईसाठी, पण तसं त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आई गेली तेव्हा हा चड्डीत होता. ताईने शाळा सोडली, शिलाई मशीन चालवून त्याला वाढवलं, आणि तो हाताशी आला तोवर तिची बुबुळं टोकदार होत चालली होती. एका दोऱ्याचे तिला चार दोरे दिसायचे. बारक्याची लेन्स डोळ्यात गेली की मात्र ती सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायची.

ती तिकडे दूर, हा इकडे भाड्याच्या खोलीत. त्याला तिची फार आठवण यायची. पण फोनवर दोघेही मुलखाचे मुखदुर्बळ.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे. तू?"

"बरा. ठेवू?"

"ठेव."

आणि एका वर्षी ताईच्या लेन्स परत यायला लागल्या. धूसर दिसतं, टोचते. त्याने नवी केली, तीही परत आली. त्याने पेटी आतून पुसून काढली, ऑक्सिजनची नळी बदलली, पंपाचं तेल बदललं. लेथवाला म्हणाला, "अरे, आता त्या पेटीची दृष्ट तेवढी काढायची राहिली." तिसरीही परत आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला खाली बोलावलं.

"हे बघ बारक्या, आणखी एकदा करून बघू. तीही टोचली तर त्यांचा डोळा लेन्स सोसत नाही असं मी लिहून देणार. मग घालणं बंद."

बंद म्हणजे शिवण बंद. तो वर आला. परत आलेल्या लेन्सवर त्याने थेंब टाकला. थेंब ऐटीत गोळा होऊन बसला. आधीच्या दोन्ही वेळा इथेच थांबून त्याने पेटीला दोष दिला होता. या वेळी त्याने लेन्स सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सगळ्या लेन्सवर बारीक, गोल गोल ओरखडे होते, जळलेलं पातेलं घासावं तसे. हे मशीनचं काम नव्हतं, बोटाचं होतं.

त्याने तिथूनच फोन लावला.

"ताई, लेन्स कशाने घासतेस?"

"मी कशाला घासू? तू सांगतोस तशी पाण्यात..."

"ताई."

पलीकडे शिलाई मशीनची घरघर थांबली.

"दंतमंजनाने," ती म्हणाली. "नंतर नीट धुते हो."

"अगं, डोळा जाईल तुझा! किती वेळा सांगितलं, खरखरीत काही लावलंस की वरचा थर जातो, पाणी धरत नाही, मग नवी करावी लागते..."

"तेच तर."

"तेच तर काय?"

"नवी करायची म्हटलं की तू किती बोलतोस. कुठल्या बाजूला टोचते, सकाळी जास्त की संध्याकाळी, रात्री झोप लागली का. खोदून खोदून विचारतोस. लेन्स चांगली असली की दोन वाक्यांत उरकतोस."

पार्सल परत आलं की वरवर बारक्या चिडायचा. पण आज ताईशी पोटभर बोलायचं म्हणून दिवसभर त्याचं मन हलकं असायचं, हे त्याचं त्याला ठाऊक होतं.

"नवी लेन्स करतो," तो शेवटी म्हणाला. "पण ती मी पाठवणार नाही."

"चिडलास का रे?" ताईचा आवाज एकदम बारीक झाला. "नाही घासणार आता. शप्पथ."

"पाठवणार नाही. घेऊन येतोय."

"इश्श, एवढ्याशा लेन्सला सोबत कशाला लागते? रजा वाया जाईल तुझी."

"जाऊ दे."

मग हळूच तिने विचारलं, "राहशील ना थोडा? की देऊन लगेच मागे फिरशील?"

"राहीन."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला. बारक्याने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. त्याला आधी कळेचना की हे काय चाललंय. आई गेली तेव्हासुद्धा ताई त्याच्यासमोर रडली नव्हती.