नाल्यावर रंगवलेली बाग

घर घेणारा माणूस आधी चित्र पाहतो, कारण घर तेव्हा उभंच नसतं. ओसाड जागेवर मंडप असतो, थंडा असतो, आणि मधोमध दाराएवढ्या फळ्यावर रंगवलेलं घर असतं. निळं आभाळ, अंगणात गुलमोहर, दारात स्कूटर. वाचकहो, या चित्रासमोर आपण सगळेच कधी ना कधी उभे राहिलो आहोत आणि मनातल्या मनात त्या अंगणात खाट टाकून आलो आहोत.

सुरतेत ९५-९६ साली अशी चित्रं काढण्यात योगराजचा हात धरणारा कोणी नव्हता. तो अमळनेरकडचा. धुळ्याला चित्रकला शिकला, शाळेत नोकरी लागली नाही, म्हणून गावच्या लोकांमागोमाग सुरतेला आला. गाववाले पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांत, कापड रंगवायच्या कामाला लागले. योगराजने उधन्याला खोली घेतली आणि बिल्डरांची चित्रं काढू लागला. आर्किटेक्टचा नकाशा आला की तो फळ्याच्या दोन्ही टोकांना टाचण्या ठोके, त्यांवरून दोरे ताणे आणि दोऱ्यांच्या आधाराने भिंती, छज्जे, जिने उभे करी. आभाळ फवाऱ्याने, झाडाची पानं दातांच्या ब्रशने रंग शिंपडून. हसमुखभाई बिल्डर म्हणायचे, "योगराजभाईच्या ओट्यावर लोक चपला काढून चढतील!"

या धंद्यात एक रीत होती. इमारत आर्किटेक्टची, आजूबाजू चित्रकाराची. खिडकी एक इंचही हलवायची नाही. पण बाहेर झाडं लावा, रस्ते रुंद करा, कारंजी उडवा, कुणी विचारणार नाही. याला कुणी खोटं म्हणत नसे. सजावट म्हणत.

हसमुखभाईंनी पांडेसऱ्याच्या मागे रो-हाउसची स्कीम काढली, तेव्हा नकाशावर शेवटच्या ओळीमागे दोन तुटक रेघा होत्या. डाइंग मिलांचं रंगीत, वाफाळतं पाणी नेणारा उघडा नाला. योगराजने ओळखला. हसमुखभाईंनी त्या रेघांवर अंगठा ठेवला.

"अहीं गार्डन."

"पण हसमुखभाई, इथे तर..."

"अरे, पाछळ जोवा कोण जाय?"

मागे बघायला कोण जातं, हे खरंच होतं. योगराजने नाल्यावर बाग रंगवली. अर्धा तास लागला. बागेत बाक, बाकावर एक म्हातारं जोडपं. चित्र इतकं गोड उतरलं, की पुढच्या टप्प्याचं कामही त्यालाच मिळालं.

चार महिन्यांनी त्याच्या गावचा वाल्मिक पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला. मिलमध्ये कापड रंगवणाऱ्या जेट मशीनवर काम करणारा, वयाने मोठा, सख्ख्या भावासारखा.

"योगराज, तोंड उघाड! घर लिधं!"

"कुठे रे भो?"

"तुन्हा चित्रामा! नकाशा काय, आम्हाले समजस नही. पन तुन्ही वहिनीनी ती बाग देखी ना, तठेच बठी गई. म्हने, हाई चित्र आपला योगराजनं शे, तो काय खोटं काढी?"

वाल्मिकच्या बायकोला, सरलाबाईला, दमा होता. मिलांच्या धुराड्यांखालच्या चाळीत तिला श्वास पुरत नसे. डॉक्टरांनी बजावलं होतं, मोकळ्या हवेत राहायला जा, नाहीतर औषधांचा उपयोग नाही. गावची पडीक जागा विकून वाल्मिकने घराचा पहिला हप्ता भरला होता. घराचे कागद अजून व्हायचे होते, मागे फिरता येत होतं. योगराजला हे सगळं त्या दहा मिनिटांत कळलं. त्याच्या समोरच फळ्यावर दुसऱ्या टप्प्याचं चित्र लागलेलं होतं.

त्याने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "छान झालं."

घर बांधून झाल्यावर वास्तुशांतीला तो गेला नाही. काम फार आहे, असा निरोप दिला.

वर्षभराने वाल्मिकच पुन्हा आला. चेहरा पार उतरलेला. "चाल. घर विकानं शे. गिऱ्हाईक येनार शे. तू ऱ्हायना तर त्यास्ले इस्वास बसी."

योगराज गेला. शेवटच्या ओळीतलं घर. पुढून अगदी चित्रातल्यासारखं, तेच छज्जे, तोच ओटा. आत मात्र डोळे चुरचुरत होते. मागच्या खिडकीच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या होत्या. सरलाबाई खाटेवर उशांना टेकून बसली होती. हात काटक्यांसारखे. भिंतीवर स्कीमच्या छापील पत्रकातलं ते चित्र फ्रेम करून लावलं होतं.

"ये भाऊ. बठ," ती म्हणाली. दोन शब्दांमध्ये तिने श्वास घेतला. "वास्तुले उना नही. आते तरी उना."

गिऱ्हाईक आलं. आनंदा नावाचा पारोळ्याकडचा लूम कामगार आणि त्याची बायको इंदुबाई, सातव्या महिन्यातली. वाल्मिकने घर दाखवलं. खिडकीशी आल्यावर म्हणाला, "हाई जाम व्हई गई शे. मांगे बाग शे, चित्रामा देखा." आणि योगराजकडे बोट केलं, "यासनीच काढेल शे चित्र."

आनंदाने हात जोडले. "वा! मंग तर काय पाहणंच नको."

इंदुबाई बराच वेळ चित्र न्याहाळत राहिली. मग खिडकीखालची जमीन पायाने चाचपत लाजत म्हणाली, "आठे पाळना बांधसु. बागना वारा ई."

योगराजच्या जिभेवर शब्द आला आणि तिथेच अडकला. वाल्मिकचं घर विकलं तर सरलाबाई वाचेल! एक शब्द बोललं तर विकलं जाणार नाही!

"खिडकी उघाडा," सरलाबाई म्हणाली.

"सरला, गप ऱ्हाय."

"उघाडा म्हनस ना! नहीतर मी उठस."

ती खरंच उठू लागली. खोकल्याने दुमडली, तरी पाय खाली टाकले. शेवटी इंदुबाईनेच चिंध्या ओढून काढल्या आणि कडी सरकवली.

वाफ आत आली. खाली दहा हातांवर नाला होता. त्या दिवशी मिलांत राणी रंगाचं कापड निघालं असावं, पाणी झगझगीत राणी रंगाचं होतं आणि त्यावर पिवळा फेस. इंदुबाईने पदर नाकाला लावला, दुसरा हात पोटावर ठेवला आणि मागच्या मागे दाराबाहेर गेली. आनंदा वाल्मिककडे पाहत म्हणाला, "दादा, तुम्ही आपले माणूस ना?" आणि तोही गेला.

वाल्मिक भिंतीला टेकून खाली बसला. "काबर करं तू असं? आठे तू मरशी!"

"मरसु," ती म्हणाली. "पन तिना पोटमा लेकरू शे. माले फसाडं म्हनीसन मी तिले फसाडू? मंग ती आखो कोनले फसाडी. हाई कव्हय थांबी?"

मग ती योगराजकडे वळली. आवाजात राग नव्हता, तेच त्याला असह्य झालं.

"भाऊ, तुले ठाऊक व्हतं?"

"हो, वहिनी. नकाशावर होता."

"आम्ही मांगे जाईसन देखं नही, ती आमनी चूक. तू सांगं नही, ती कोन्ही?"

योगराजने मान खाली घातली. बाग आपण रंगवली तेव्हा पोट भरत होतो, असं तो स्वतःला सांगत आला होता. पण पेढा खाल्ला तेव्हा? तेव्हा कुणी बिल्डर समोर उभा नव्हता! एक वाक्य बोलायचं होतं आणि त्याला ते बोलवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने इतके दिवस रखडलेल्या दुसऱ्या टप्प्याचं अर्धवट चित्र पुरं केलं. घरं तशीच देखणी, आणि मागे नाला, रंगासकट, फेसासकट. हसमुखभाईंनी चित्रातल्या नाल्यावर बोट ठेवलं.

"आ शुं?"

"नाला."

"कोणे कह्युं?"

"तुमच्या नकाशाने."

"तमे आर्टिस्ट छो के म्युनिसिपालिटी?" ते हसले, पण चित्र उलटं करून भिंतीला लावून ठेवलं. नवीन चित्र दुसऱ्याकडून करून घेतलं. त्यात बागेला कारंजंही होतं. योगराजला त्यानंतर हसमुखभाईंकडून काम आलं नाही, आणि त्यांच्या ओळखीच्या तिघांनीही त्याला बोलावणं सोडलं.

ती खिडकी उघडल्यापासून विसाव्या दिवशी सरलाबाई गेली. दुपारी, बसल्या बसल्या. तिरडी पुढच्या अंगणातून निघाली. चाळीतले जुने शेजारी म्हणाले, घर किती सुंदर आहे, भोगायला मिळालं नाही बिचारीला.

दसऱ्याला दुसऱ्या टप्प्याचं बुकिंग उघडलं. योगराज मंडपाबाहेर रस्त्यावर उभा राहिला. येणाऱ्या प्रत्येकाला एवढंच म्हणे, "आधी एकदा मागे जाऊन या." कुणी वेडा समजलं, कुणी दलाल. वॉचमनने दोनदा हाकललं, तो दोनदा परत आला. त्या दिवशी नऊ कुटुंबं मागे जाऊन आली. सहा परत फिरली. तिघांनी तरीही घर नोंदवलं, कारण त्यांना परवडणारं दुसरं नव्हतं. निदान त्यांनी पाहून घेतलं.

वाचकहो, घर घ्यायला जाल तेव्हा चित्राला पाठ करा, इमारतीला वळसा घाला, मागे काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि नाकाने हुंगा. आणि ज्यांच्या हातात कुंचला आहे, लेखणी आहे, शिक्का आहे, त्यांनी ध्यानात ठेवावं: दुसऱ्याच्या सांगण्यावरून झाकलेली गोष्टही झाकणाऱ्याच्याच नावावर राहते. खोटं रंगवायला अर्धा तास पुरतो. खरं सांगायला त्याहून कमी लागतो.

सरलाबाईला वेळेवर सांगू शकणारा माणूस या शहरात होता. तिने त्याच्यावर विश्वास टाकला होता. तो पेढा खात बसला.